नवजात बालकांसाठी लस तयार करणे इतके अवघड का असते?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 23 लाख बालके जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत दगावली. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि प्रसूतीच्या वेळची गुंतागुंत ही त्यामागची मोठी कारणे असली, तरी रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांचा वाटाही लहान नाही. आता लसीकरणाचे नेहमीचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणून पाहावे. बहुतेक लसींची पहिली मात्रा बाळ सहा किंवा आठ आठवड्यांचे झाल्यावर दिली जाते आणि भरवशाचे संरक्षण मिळण्यासाठी दोन किंवा तीन मात्रा पूर्ण व्हाव्या लागतात, म्हणजे बाळ चार-पाच महिन्यांचे व्हावे लागते. संसर्गाने मृत्यू येण्याचा धोका मात्र सर्वांत जास्त असतो तो पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत. संरक्षण पोहोचण्यापूर्वीच धोका येऊन ठेपतो, आणि नवजात बालकांसाठीच्या लसींचे सारे संशोधन याच तफावतीभोवती फिरते.

मग जन्मताच सगळ्या लसी का टोचू नयेत, हा प्रश्न साहजिक आहे. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कमकुवत असते, असे त्याचे उत्तर सहसा दिले जाते. ते अपुरे आहे. ती प्रौढांपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. गर्भाशयात बाळाला नऊ महिने अशा शरीरात वाढायचे असते ज्याच्या पेशी जनुकीयदृष्ट्या निम्म्याच त्याच्यासारख्या असतात, आणि तेथे तीव्र दाह निर्माण होणे गर्भारपणालाच घातक ठरू शकते. जन्मानंतर काही तासांतच बाळाच्या त्वचेवर, तोंडात आणि आतड्यात जिवाणूंची वस्ती सुरू होते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात आणि त्या प्रत्येकावर शरीर तुटून पडले, तर बाळाचेच नुकसान होईल. म्हणून या वयातील प्रतिकारयंत्रणा संयमाकडे झुकलेली असते. हा संयम बाळाच्या हिताचा आहे, पण लस तयार करणाऱ्यांना तो आडवा येतो, कारण लसीचे काम शरीराला 'हा शत्रू आहे, याला लक्षात ठेव' असे ठामपणे सांगण्याचे असते. नवजात बाळाला दिलेल्या अनेक लसींमुळे प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिने, उशिरा तयार होतात, कमी प्रमाणात होतात आणि लवकर ओसरतात. काही जिवाणूंच्या अंगावर साखरेच्या लांबलचक साखळ्यांचे, म्हणजे बहुशर्करेचे आवरण असते. नुसत्या या आवरणाला साधारण दोन वर्षांखालील मुलांची प्रतिकारयंत्रणा जवळजवळ दाद देत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी बहुशर्करा एखाद्या प्रथिनाला जोडून दिली जाते आणि अशा संयुग्म लसींनी बालरोगांचे चित्र पालटले, परंतु त्यांनाही एकाहून अधिक मात्रा आणि काही महिने लागतातच.

याला महत्त्वाचे अपवाद आहेत. क्षयरोगावरील बीसीजी लस पहिल्यांदा 1921 साली पॅरिसमध्ये एका नवजात बाळालाच देण्यात आली, आणि आजही ती अनेक देशांत जन्मानंतर लगेच टोचली जाते. दुसरा अपवाद हिपॅटायटिस बी या यकृतरोगाचा. मातेच्या रक्तात हा विषाणू मोठ्या प्रमाणात असेल आणि बाळाला काहीच संरक्षण दिले नाही, तर प्रसूतीच्या वेळी संसर्ग होण्याची शक्यता फार मोठी असते. शिवाय या वयात संसर्ग झालेल्या सुमारे 90 टक्के बालकांत तो आयुष्यभर ठाण मांडून बसतो, तर प्रौढपणी संसर्ग झालेल्यांत हे प्रमाण 5 टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांच्या आत देण्याची शिफारस आहे. विषाणू शरीरात शिरल्यानंतरही त्याला यकृतात बस्तान बसवण्यापूर्वी ही लस गाठू शकते, कारण या रोगाची वाटचाल संथ असते. जन्मानंतर दोन-चार दिवसांत, कधी काही तासांतच, बाळाला गाठणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत अशी सवड मिळत नाही. कितीही उत्तम लस जन्मताच टोचली, तरी बाळाच्या शरीराला स्वतःची प्रतिपिंडे घडवायला आठवडे लागतात.

उरतो तो मार्ग मातेचा. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1892 साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले, की विशिष्ट वनस्पतिज विषांची सवय करून प्रतिकारक्षम बनवलेल्या मादीची पिल्ले त्या विषाला तोंड देऊ शकतात. पिल्लांची अदलाबदल करून, म्हणजे एका मादीची पिल्ले दुसरीच्या दुधावर वाढवून, त्यांनी हेही दाखवले, की हे संरक्षण काही अंशी जन्मापूर्वी आणि काही अंशी दुधातून मिळते, आणि ते उसने असल्यामुळे काही काळाने संपते. माणसात या दोन वाटांची विभागणी थोडी वेगळी आहे. आईच्या दुधातील, विशेषतः पहिल्या चिकातील, प्रतिपिंडे मुख्यतः बाळाच्या तोंडाच्या, घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात; रक्तात फिरणारी प्रतिपिंडे मात्र जवळजवळ सगळी वारेतून, म्हणजे गर्भाशयात आईला आणि बाळाला जोडणाऱ्या अवयवातून, गर्भारपणातच मिळालेली असतात.

हे हस्तांतर कसे होते, ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण मातेला कोणती लस आणि केव्हा द्यायची याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. प्रतिपिंडांचे अनेक प्रकार असले, तरी वार त्यांपैकी फक्त आयजीजी या प्रकाराला पलीकडे जाऊ देते. वारेच्या बाहेरच्या थरातील पेशींमध्ये त्यासाठी खास ग्राहक-प्रथिने असतात. ती आईच्या बाजूने आयजीजी धरतात, पेशीतील विघटनापासून त्याला वाचवतात आणि बाळाच्या बाजूला सोडतात. ही वाहतूक गर्भारपणाच्या साधारण 13व्या आठवड्यापासून अगदी मंद गतीने सुरू होते. 28 ते 32 आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या रक्तातील आयजीजीचे प्रमाण आईच्या निम्म्यावर पोहोचते, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ते बहुधा आईपेक्षाही जास्त असते. यावरून दोन गोष्टी कळतात. मातेला लस दिल्यावर तिची प्रतिपिंडे वाढायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि ती बाळापर्यंत पोहोचायला आणखी काही आठवडे, त्यामुळे प्रसूतीच्या तोंडावर दिलेली लस बाळाच्या फारशी उपयोगी पडत नाही. दुसरे असे, की 28व्या किंवा 30व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला, ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच, आईकडून सर्वांत कमी मिळालेले असते. मातेला मलेरिया किंवा एचआयव्हीचा संसर्ग असेल, तर ही वाहतूक आणखी मंदावते. आणि मिळालेला साठा टिकाऊ नसतो. साधारण तीन ते चार आठवड्यांत तो निम्मा होतो आणि सहा महिन्यांपर्यंत त्यातील फार थोडा शिल्लक राहतो. पण पहिले तीन महिने निभावणे हेच तर या लसीचे काम असते.

हा मार्ग किती परिणामकारक ठरू शकतो, याचा सर्वांत मोठा पुरावा धनुर्वाताचा आहे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे किंवा नाळेवर मळकट पदार्थ लावल्यामुळे धनुर्वाताचे जिवाणू बाळाच्या शरीरात शिरतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांतच झटके सुरू होतात. गर्भवतींना लस दिल्याने हा रोग टळतो, हे 1961 साली न्यू गिनीमधील अभ्यासाने दाखवले होते, तरीही 1988 सालापर्यंत दरवर्षी अंदाजे 7,87,000 नवजात बालके धनुर्वाताने मरत होती. त्यानंतर गर्भवतींचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांचा नेटाने पाठपुरावा झाला आणि 2018 साली हा अंदाज 25,000 वर आला. स्वस्त, जुनी आणि अतिशय सुरक्षित अशी लस हातात असताना मधली वर्षे गेली कशी, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. प्रयोगशाळेचे काम संपल्यावरही बाळापर्यंतचे बरेचसे अंतर शिल्लक राहते.

डांग्या खोकल्याची कथा अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये 2012 साली या रोगाची मोठी साथ आली आणि इंग्लंड व वेल्समध्ये 14 अर्भके दगावली. ती स्वतःची लस घेण्याच्या वयापर्यंत नीट पोहोचलीच नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे गर्भवतींना ही लस देण्यास सुरुवात झाली, आणि नंतरच्या पाहणीत दिसले, की लस घेतलेल्या मातांच्या तीन महिन्यांखालील बाळांत रोग टाळण्याची परिणामकारकता 90 टक्क्यांच्या आसपास होती. फ्लूच्या बाबतीतही सहा महिन्यांखालील बाळाला लस देता येत नसल्याने मातेला दिलेली मात्राच त्याच्या उपयोगी पडते. बांगलादेशातील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांतील प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी घटलेला आढळला.

या सर्व लसी मुळात इतरांसाठी तयार झालेल्या होत्या आणि गर्भवतींना नंतर देण्यात आल्या. खास नवजात बालकासाठी, मातेला देण्याच्या हेतूनेच लस घडवण्याचा पहिला मोठा विजय आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवर मिळाला, आणि त्यापूर्वीचा इतिहास वेदनादायक आहे. या विषाणूमुळे लहान बाळांच्या फुप्फुसातील बारीक श्वासनलिका सुजतात आणि त्यांना श्वास घेणे अवघड होते. 2019 या वर्षासाठीच्या एका अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालील 1 लाखाहून अधिक मुले यामुळे दगावली. त्यांपैकी 45,000 हून अधिक बाळे सहा महिन्यांपेक्षाही लहान होती. 1960च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिन या रसायनाने निष्प्रभ केलेल्या विषाणूची लस लहान मुलांना देऊन पाहण्यात आली. पुढच्या हंगामात एका गटातील लस घेतलेल्या ज्या मुलांना विषाणूची लागण झाली, त्यांपैकी सुमारे 80 टक्के मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे 5 टक्के होते. आणि लस घेतलेली दोन मुले मरण पावली. लसीने रोग रोखण्याऐवजी तो अधिक तीव्र केला होता. त्यामुळे लहान मुलांसाठीच्या आरएसव्ही लसीचे संशोधन कित्येक वर्षे अतिशय सावधपणे, पावलागणिक थांबत पुढे सरकले.

चूक कोठे झाली, याचा उलगडा हळूहळू होत गेला. या विषाणूच्या पृष्ठभागावरील एफ नावाचे प्रथिन पेशीत शिरण्यापूर्वी एका आकारात असते आणि शिरताना त्याचा आकार पूर्ण बदलतो, मिटलेली छत्री उघडावी तसा. विषाणूला खरोखर अडवणारी सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे मिटलेल्या, म्हणजे आधीच्या आकाराला चिकटतात. पण तो आकार अस्थिर असतो. फॉर्मॅलिनने प्रक्रिया केलेल्या जुन्या लसीत बहुतांश प्रथिन उघडलेल्या आकारातच होते. त्यातून निर्माण झालेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती, पण त्याला निष्प्रभ करत नव्हती, आणि सोबतीला उद्भवलेला चुकीच्या प्रकारचा दाह फुप्फुसांनाच इजा करत होता. 2013 साली जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आधीचा आकार अणूंच्या पातळीवर उलगडून दाखवला आणि काही बदल करून तो स्थिर कसा ठेवता येईल, हेही दाखवले. आकाराचे महत्त्व किती, ते पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. आधीच्या आकारात पक्के न केलेले एफ प्रथिन गर्भवतींना देऊन झालेल्या एका मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नव्हते. स्थिर केलेल्या आकाराच्या फायझरच्या लसीने मात्र सुमारे 7,400 गर्भवतींच्या चाचणीत बाळांतील तीव्र आजार पहिल्या 90 दिवसांत जवळपास 82 टक्क्यांनी आणि 180 दिवसांत सुमारे 69 टक्क्यांनी कमी केला. ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेत तिला गर्भवतींसाठी मान्यता मिळाली.

त्याच सुमारास दुसरा मार्गही खुला झाला. निर्सेव्हिमॅब हे प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड थेट बाळालाच टोचता येते. काटेकोरपणे पाहिले तर ती लस नव्हे, कारण त्यात बाळाचे शरीर काही शिकत नाही. पण शरीरात ते नेहमीच्या प्रतिपिंडांपेक्षा खूप जास्त काळ टिकेल अशी त्याची रचना असल्याने एका मात्रेत पूर्ण हंगामाचे संरक्षण मिळते. ज्या बाळाचा जन्म वेळेआधी झाला किंवा ज्याच्या आईला लस मिळाली नाही, त्याच्यासाठी हा मार्ग फार मोलाचा आहे. त्याची किंमत गरीब देशांना परवडेल का, हा यापुढचा खरा प्रश्न आहे, कारण आरएसव्हीमुळे होणाऱ्या बालमृत्यूंपैकी 95 टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच होतात.

मातेला लस देण्यातील सर्वांत नाजूक भाग सुरक्षिततेचा. एका इंजेक्शनचा परिणाम दोन जिवांवर होणार असतो. थॅलिडोमाइड या औषधामुळे 1950च्या दशकाच्या अखेरीस आणि 1960च्या सुरुवातीला हजारो बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्माला आली आणि त्यानंतर गर्भवतींना औषधांच्या चाचण्यांपासून दूर ठेवणे हाच जणू नियम बनला. त्यामागची काळजी खरी होती. पण चाचणीतून वगळल्याने धोका नाहीसा होत नाही; तो चाचणीबाहेर, देखरेखीविना, प्रत्येक गर्भवती आणि तिच्या डॉक्टरांच्या माथी येतो. काटेकोर देखरेखीखाली गर्भवतींना संशोधनात सहभागी करून घेणे हेच मला अधिक जबाबदारीचे वाटते, आणि आरएसव्हीच्याच दुसऱ्या एका लसीने ते सिद्ध केले. जीएसके कंपनीच्या लसीच्या चाचणीत लस घेतलेल्या गटात 6.8 टक्के आणि दुसऱ्या गटात 4.9 टक्के मुदतपूर्व जन्म झाल्याचे दिसले आणि 2022 च्या सुरुवातीला चाचणी थांबवण्यात आली. फायझरच्या लसीत हे प्रमाण अनुक्रमे 5.7 आणि 4.7 टक्के होते; हा फरक योगायोगानेही येऊ शकत होता, तरीही अमेरिकेने खबरदारी म्हणून ती लस 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यानच देण्याचे ठरवले, म्हणजे जन्म झालाच तर फार अपुऱ्या दिवसांचा होऊ नये. यात हिशेब असा करावा लागतो, की मात्रा उशिरा दिली तर एक धोका घटतो, पण लवकर जन्मणारी बाळे संरक्षणाला मुकतात. काही देशांनी म्हणूनच वेगळी मुदत निवडली आहे.

सुरक्षितता सिद्ध झाली, तरी परिणामकारकता सिद्ध करणे किती कठीण असते, ते 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस' या जिवाणूच्या उदाहरणातून कळते. हा जिवाणू अनेक निरोगी स्त्रियांच्या आतड्यात आणि योनिमार्गात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. प्रसूतीच्या वेळी तो बाळापर्यंत पोहोचला, तर पहिल्या आठवड्यात रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया, किंवा पुढील तीन महिन्यांत मेंदूज्वर होऊ शकतो. वाचलेल्या काही मुलांना कायमचे अपंगत्व येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या अहवालात यामुळे दरवर्षी सुमारे 91,000 अर्भकांचे मृत्यू आणि 46,000 मृतजन्म होत असल्याचा अंदाज दिला आहे. प्रसूतीच्या वेळी मातेला शिरेतून प्रतिजैविक दिल्यास पहिल्या आठवड्यातला आजार बराच टळतो, परंतु नंतरचा आजार आणि गर्भाशयातच होणारे मृत्यू त्याने टळत नाहीत, आणि त्यासाठी आधी तपासणीची व वेळेवर रुग्णालयात पोहोचण्याची सोय असावी लागते.

कॅरल बेकर आणि डेनिस कॅस्पर यांनी 1976 सालीच दाखवले होते, की ज्या मातांमध्ये या जिवाणूच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे कमी असतात, त्यांच्या बाळांना धोका जास्त असतो. म्हणजे लशीची दिशा तेव्हाच ठरली होती. पण आवरणाचे दहा उपप्रकार आहेत, नुसत्या बहुशर्करेची पहिली लस सर्व स्त्रियांत पुरेशी प्रभावी ठरली नाही, आणि संयुग्म लसी आल्यावर गाडी आकड्यांपाशी अडली. समजा, हा आजार दर हजार जन्मांमागे एका बाळाला होतो आणि 20,000 गर्भवतींची चाचणी घेतली, त्यांपैकी निम्म्यांना लस दिली. लस न मिळालेल्या गटात साधारण दहा बाळे आजारी पडतील आणि उत्तम लस असली तरी दुसऱ्या गटात दोन-तीन. एवढ्या थोड्या आकड्यांवरून लसीची परिणामकारकता नेमकी किती, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्याहून कितीतरी मोठी चाचणी हवी, आणि तिचा खर्च व कालावधी कंपन्यांना मागे हटवतो.

यातून निघालेली वाट अशी: आजारी पडलेल्या बाळांच्या आणि जिवाणूच्या संपर्कात येऊनही निरोगी राहिलेल्या बाळांच्या जन्मवेळच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजायची, कोणत्या पातळीनंतर धोका ठळकपणे घटतो ते ठरवायचे, आणि नवी लस पुरेशा बाळांना त्या पातळीच्या वर नेते का, एवढेच चाचणीत पाहायचे. अशा पद्धतीला पूर्वाधार आहे. ब्रिटनने 1999 साली मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस या जिवाणूच्या सी प्रकारावरील संयुग्म लस प्रतिपिंडांच्या मोजमापावरच स्वीकारली आणि तिचा परिणाम नंतर प्रत्यक्ष पाहणीतून तपासला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसच्या सहा उपप्रकारांवरील लसीची सर्वांत प्रभावी रचना मिळालेल्या मातांच्या बाळांपैकी, उपप्रकारानुसार 57 ते 97 टक्के बाळे अशी पातळी ओलांडताना दिसली. आवरणाऐवजी जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवर आधारलेली लसही चाचण्यांत आहे.

मातेकडून मिळालेल्या प्रतिपिंडांची एक उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. बाळाला पुढे त्याची स्वतःची लस दिली जाते, तेव्हा आईची प्रतिपिंडे ती झाकून टाकू शकतात आणि बाळाचा प्रतिसाद मंदावतो. गोवराची लस अनेक देशांत नऊ महिन्यांपर्यंत थांबून दिली जाते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. डांग्या खोकल्यातही असा परिणाम मोजला गेला आहे, परंतु त्यामुळे मोठ्या मुलांत रोग वाढल्याचे दिसलेले नाही, आणि पहिल्या आठवड्यांतील मृत्यू टळणे याचे वजन त्यापुढे निःसंशय जास्त आहे.

जन्मताच देण्याच्या लसीचा ध्यासही शास्त्रज्ञांनी सोडलेला नाही. बोस्टनमधील ओफर लेव्ही यांच्या गटाने नवजात बाळांच्या नाळेतील रक्तपेशी तपासून असे दाखवले, की बहुतेक धोक्याच्या इशाऱ्यांना त्या थंड प्रतिसाद देत असल्या, तरी काही विशिष्ट ग्राहक-प्रथिनांमार्फत आलेल्या इशाऱ्याला त्या प्रौढांच्या पेशींइतक्याच जोरदारपणे उत्तर देतात. असा इशारा देणारे पदार्थ लसीत मिसळून पाहण्याचे प्रयोग नवजात माकडांवर झाले असून न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस या जिवाणूवरील लसीला त्यामुळे चांगली जोड मिळाली. प्रौढांसाठी ठरवलेली लस लहान मात्रेत बाळाला देण्याची जुनी रीत सोडून, बाळाच्याच पेशींवर आधी परीक्षा घेऊन लस घडवणे, हा यातला महत्त्वाचा बदल आहे.

पुढचे मोठे आव्हान क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूचे आहे. कमी उत्पन्नाच्या देशांतील रुग्णालयांत नवजात बालकांच्या रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचे ते एक प्रमुख कारण असून अनेक ठिकाणी नेहमीची प्रतिजैविके त्यावर चालेनाशी झाली आहेत. त्याच्या आवरणाचे सत्तरहून अधिक उपप्रकार असल्याने कोणते निवडायचे, हे ठरवण्यासाठी वेगवेगळ्या देशांतील आजारी बाळांच्या रक्तातून मिळालेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी चालू आहे. शिवाय या आजाराने पछाडलेली बरीचशी बाळे अपुऱ्या दिवसांची असतात. म्हणजे मातेला लस 28व्या आठवड्याच्याही बरीच आधी द्यावी लागेल आणि तिच्यामुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे मंद वाहतुकीच्या काळातही पुरेशी पलीकडे जातील इतकी भरपूर असावी लागतील. तेवढी प्रतिपिंडे निर्माण करणारी क्लेब्सिएलाची लस अजून कोठेही वापरात आलेली नाही.